घरच्या घरी होडी : लाकडी पट्ट्यांची कयाक

श्रोतेहो, होडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? कोकणातल्या माणसाला खाडीतली उलांडीची होडी दिसेल. देशावरच्या माणसाला नदीच्या उतारावरची नाव आणि तिच्यातला नावाडी दिसेल. आज मी जिच्याविषयी सांगणार आहे, ती होडी या दोन्हींहून निराळी आहे. ती एकाच माणसाची. लांबीला पाच मीटरच्या वर, रुंदीला मात्र जेमतेम सव्वा हात. वरून झाकलेली, आणि मधोमध कमरेपुरते एक भोक. पाय लांब करून त्या भोकातून आत सरकायचे, आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचे. माणूस या होडीत बसतो म्हणण्यापेक्षा तिला अंगरख्यासारखी अंगात घालतो म्हणाना! हिचे नाव कयाक.

अमेरिकेत आणि कॅनडात अशी कयाक लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून घरी बांधणारी पुष्कळ माणसे आहेत. सुतारकी हा त्यांचा धंदा नव्हे. दिवसभराचे काम आटोपले की घराच्या पडवीत किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत ती हे काम करतात. आणि त्या होडीच्या लाकडाची जाडी किती असेल? फक्त सहा मिलिमीटर! शाळेतल्या पाटीची लाकडी चौकटसुद्धा याहून जाड असते. मग एवढ्या पातळ लाकडाच्या भरवशावर माणूस आपला जीव पाण्यावर कसा सोपवतो? आजच्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर आपण शोधू या.

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्का येथील इनुइट, आणि अलास्काच्या शेपटाकडे पसरलेल्या अल्यूशियन बेटांवरचे उनांगन, हे तिचे खरे कर्ते. त्यांच्या मुलखात झाडे जवळजवळ नाहीतच. नद्यांतून आणि समुद्राच्या प्रवाहांबरोबर वाहून किनाऱ्याला लागलेले ओंडके, तेवढेच काय ते लाकूड. ते तासून पुरुष होडीचा सांगाडा करीत. त्याला खिळा नाही. सांधे चामड्याच्या वाद्यांनी आणि जनावरांच्या स्नायूंच्या दोऱ्यांनी बांधलेले. लाट आली की सांगाडा थोडा लवतो, मोडत नाही. त्यावर सील माशाची, म्हणजे खरे तर सील या प्राण्याची, कातडी ताणून शिवायची. हे शिवण्याचे काम बायकांचे. टाका असा घालीत की सुई कातड्याच्या आरपार जायची नाही. अर्ध्या जाडीतूनच बाहेर यायची. आरपार भोक नाही, म्हणजे पाण्याला वाट नाही. त्या बर्फासारख्या पाण्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. तेव्हा शिकारीला गेलेल्या नवऱ्याचा जीव घरच्या बाईच्या टाक्यावर तरून असे.

आणि माप? आपले कोळी बांधव दोन्ही हात पसरून दोरी मोजतात, त्या अंतराला वाव म्हणतात. ग्रीनलंडच्या एका जुन्या रीतीप्रमाणे कयाकची लांबी म्हणजे बांधणाऱ्याच्या तीन वाव. बसायच्या जागी रुंदी म्हणजे त्याची कंबर अधिक दोन मुठी. उंच माणसाची होडी लांब, ठेंगण्याची आखूड. चप्पल जशी ज्याची त्याच्या पायाला, तशी होडी ज्याची त्याच्या अंगाला. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे कामाला येईल.

युरोपात ही होडी लोकांच्या आवडीची झाली ती जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टरामुळे. १८६५ साली त्यांनी ओक लाकडाची, सुमारे साडेचार मीटर लांबीची, झाकलेली होडी बांधवून घेतली, तिचे नाव ‘रॉब रॉय’ ठेवले आणि युरोपातल्या नद्यांतून व सरोवरांतून एकट्याने प्रवास केला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि अशा होड्यांची मोठी हौस निर्माण झाली. तिकडे कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या पीटरबरो या गावी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीडर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक लावून उघड्या होड्या बांधण्याची कला वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या तंतूंचे कापड आणि कृत्रिम राळ बाजारात मिळू लागली. जुनी पट्टी आणि नवी राळ यांची गाठ पडली, आणि जे काम मुरलेल्या कारागिराचे होते ते घरच्या हौशी माणसाच्या आवाक्यात आले. कॅनडातील टेड मूर्स यांचे ‘कनूक्राफ्ट’ हे पुस्तक १९८३ साली निघाले. ते उघड्या होड्यांविषयी आहे. पण कयाकची पद्धतही तीच.

आता प्रत्यक्ष काम पाहू. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, तेव्हा माझ्याबरोबर मनातल्या मनात होडी बांधत चला.

कागदावर होडीचा आराखडा असतो. काकडीचे आडवे काप करावेत तसे होडीचे दर तीस सेंटिमीटरला एक, असे काप कल्पून त्यांच्या आकृत्या काढलेल्या असतात. पाच मीटरच्या होडीला असे पंधरा-सोळा काप होतात. प्रत्येक आकृती प्लायवूडवर उतरवून कापली की साचा तयार झाला. एक लांब, सरळ तुळई घोड्यांवर ठेवायची आणि हे साचे तिच्यावर ओळीने उभे करायचे. तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून प्रत्येक साच्याची मध्यरेषा त्या दोरीखाली आणायची. गुण्या लावून तो काटकोनात आहे का, ओळंबा धरून उभा आहे का, ते पाहायचे.

हे साचे होडीत राहत नाहीत. शेवटी काढून टाकायचे असतात. म्हणून नवशिका म्हणतो, ‘यांच्यात एवढे काय बघायचे?’ पण होडीचा आकार ठरतो तो इथेच. एखादा साचा चार मिलिमीटर सरकला, तर तेवढा पोक होडीला कायमचा येतो. होडी एका बाजूला ओढ घेऊ लागते आणि वल्हवणाऱ्याला आयुष्यभर तिच्याशी भांडत बसावे लागते. औत धरणारा शेतकरी तासाच्या टोकाशी उभा राहून एक डोळा मिटून तास सरळ आहे का पाहतो ना, तसेच इथे तुळईच्या टोकाशी वाकून साच्यांच्या रांगेकडे पाहायचे. टेपाला न दिसलेली चूक पुष्कळदा डोळ्याला दिसते.

पुढचे काम पट्ट्यांचे. प्रत्येक पट्टी सहा मिलिमीटर जाड आणि अठरा मिलिमीटर रुंद. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे तांबडे सीडर यासाठी फार वापरतात. नाव सीडर असले तरी हे झाड आपल्या हिमालयातल्या देवदाराच्या जवळचे नव्हे. बागेत आपण मोरपंखी लावतो, तिच्या कुळातले आहे. लाकूड हलके, सरळ धाग्याचे, रंध्याला मऊ. फळीतून पट्ट्या पाडताना एक हिशोब विसरू नका : दर सहा मिलिमीटरच्या पट्टीमागे करवतीच्या पात्याखाली दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. म्हणजे लाकूड आणताना जवळजवळ दीडपट आणायला हवे.

पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला त्या गोलाईला बसेल अशी बारीक पन्हळ पाडतात. मग पट्टी वळली तरी एकीची गोलाई दुसरीच्या पन्हळीत बसून सांधा मिटतो. ज्यांच्याजवळ यंत्र नाही ते हातरंध्याने कड तिरपी करून सांधा जुळवतात. वेळ जास्त लागतो, पण काम तितकेच पक्के होते. पाच मीटरची अखंड पट्टी मिळाली नाही तर दोन तुकड्यांची टोके तिरपी छाटून जोडायची. ही तिरपी छाट जाडीच्या आठपट लांब असावी. सहा आठे अठ्ठेचाळीस, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर.

पहिली पट्टी होडीच्या काठाच्या रेषेवर बसवायची. नंतरच्या साऱ्या पट्ट्या हिचाच हात धरून जाणार, म्हणून हिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहा. वळण एकसारखे जायला हवे. कुठे खड्डा नको, उंचवटा नको. मग कडेला सुताराचा पांढरा सरस लावून दुसरी, तिसरी, चौथी. सरस वाळेपर्यंत पट्टी साच्याला बारीक पिनांनी किंवा शिकंज्यांनी आवळून धरायची. एका संध्याकाळी दोन्ही बाजूंना चार-चार पट्ट्या बसल्या तरी पुष्कळ झाले. खालचे अंग झाले की होडी उलथून वरचे झाकण तसेच करायचे. मात्र दोहोंच्या मध्ये चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे ती आताच एकमेकांना चिकटणार नाहीत.

आता होडी दिसू लागली. पण ती खडबडीत आहे. पट्टी-पट्टीच्या मध्ये धार आहे. छोटा रंधा, मग लांब लाकडी ठोकळ्याला लावलेला काचकागद, असे करत अंग एकसारखे करायचे. डोळे मिटून तळहात फिरवून पाहा. संध्याकाळी दिवा अगदी बाजूला धरून पाहा. जिथे सावली पडेल तिथे अजून उंचवटा आहे. फार घासलेत तर सहाचे चार मिलिमीटर होतील, हेही ध्यानात असू द्या.

नंतर काचकापड. पांढरे, मलमलीसारखे कापड होडीवर पसरायचे आणि त्यावर एपॉक्सी नावाची राळ रबरी पट्टीने पसरत न्यायची. बघता बघता कापड दिसेनासे होते आणि खालचे तांबूस लाकूड झळकू लागते. कागदाला तेल लागले की तो आरपार दिसतो, त्याचे कारण आणि याचे कारण एकच. तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने किंवा राळेने घेतली की प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हा तेलकागदाचा प्रयोग जरूर करून दाखवावा.

ही राळ दोन द्रवांची असते आणि त्यांचे प्रमाण बनवणाऱ्याने ठरवून दिलेले असते. दुधाला विरजण जास्त लावले तर दही लवकर लागेल. इथे तसे नाही. दुसरा द्रव जास्त घातला तर राळ लवकर वाळत नाही, उलट कच्ची राहते. शिवाय दोन्ही मिसळले की चुनकळी विरताना तापते तशी ही तापते. मोठ्या भांड्यात एकदम खूप कालवली तर धूर निघेल इतकी तापते. म्हणून थोडी थोडी कालवावी. आणि वेळ निवडावी ती दिवस कलल्यावरची. ऊन चढत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि राळेत बुडबुडे धरते. गारवा पडू लागला की तीच हवा आकसते आणि राळ आत ओढून घेते.

अंगाची काळजी घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. ही राळ उघड्या हाताला वारंवार लागली तर कातडीला कायमची खोड जडू शकते. मग पुढे थोडीशी लागली तरी अंगावर पुरळ उठते. हातमोजे हवेत. तांबड्या सीडरच्या भुशाने काही माणसांना दमा होतो, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. धुळीसाठीची खरी मुखपट्टी हवी, आणि खोलीत वारा खेळता हवा.

बाहेरून कापड चढले की खालचे अंग आणि झाकण सुटे करायचे, साचे काढायचे, आतून घासायचे आणि आतूनही तसेच कापड चढवायचे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे दडले आहे. बांबू पाहा : त्याचे बळ मुख्यतः पाठीकडच्या टणक थरात असते. बुरूड म्हणूनच पाठीची कामटी वेगळी राखतो. आपल्या होडीला अशा दोन पाठी आहेत, एक बाहेरून आणि एक आतून. मधले लाकूड त्या दोघींना सहा मिलिमीटर दूर धरून ठेवते. होडीवर बाहेरून दाब आला की बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतली ताणली जाते. दोन्ही बाजूंना सोसणारा थर तयारच असतो. एकच बाजू मढवली तर दुसरी उघडी बाजू तडकेल. कुणाला दिसत नाही म्हणून आतले काम टाळणाऱ्याची फसगत होते ती अशी.

मग दोन्ही भाग आतून-बाहेरून काचकापडाच्या पट्टीने जोडायचे, बसायच्या भोकाला उभा काठ करायचा. पुढे आणि मागे एकेक आडवी भिंत घालून दोन बंद कप्पे करायचे. होडी उलटून मधल्या भागात पाणी भरले तरी हे कप्पे तिला बुडू देत नाहीत. शेवटी व्हार्निशचे हात. हे नुसते शोभेसाठी नाहीत; उन्हातल्या अतिनील किरणांनी राळ खराब होते, आणि ते अडवणारे व्हार्निश वर असावे लागते.

सारे मिळून वजन किती? हिशोब करू. अशा होडीचे अंग सुमारे साडेचार चौरस मीटर. गुणिले सहा मिलिमीटर, म्हणजे सत्तावीस लिटर लाकूड. सीडर लिटरला सुमारे ३७० ग्रॅम, म्हणजे दहा किलो. हेच आपल्या सागाचे केले तर लिटरला सुमारे ६५० ग्रॅम, म्हणजे साडेसतरा किलो. साग उत्तमच, पण इथे जड पडतो. कापड, राळ, बैठक धरून सीडरची होडी वीस किलोच्या आसपास जाते. एक माणूस ती खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत जाऊ शकतो. वेळ लागतो दोनशे ते तीनशे तास. रोज दोन तास दिले तर चार-पाच महिने.

तेव्हा सहा मिलिमीटरवर माणूस भरवसा कसा ठेवतो? त्याने प्रत्येक पट्टी हातात घेतलेली असते. कोणता सांधा पहिल्या झटक्यात जुळला आणि कोणता तीनदा रंधावा लागला, हे त्याला ठाऊक असते. आतले न दिसणारे कामही त्याने बाहेरच्याइतकेच नीट केलेले असते. त्या उत्तरेकडच्या बाईच्या टाक्याचीच ही गोष्ट आहे. आणि होडी त्याच्या मापाची असते : बैठक त्याच्या कमरेला, पाय टेकायची जागा त्याच्या पायांना. म्हणून ती त्याच्या अंगाबरोबर कलते आणि सावरते.

तरी भरवशालाही मर्यादा आहे. नवी होडी प्रथम कमरेएवढ्या, संथ पाण्यात घालावी. तरंगण्याचे जाकीट घातल्याशिवाय बसू नये, एकट्याने जाऊ नये, आणि उलटल्यावर बाहेर कसे यायचे हे काठाजवळच शिकून घ्यावे. पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यात तर चांगल्यातली चांगली होडीही घालू नये.

आता शिक्षक मंडळींसाठी. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला. त्याचा एक छोटा पाठ या होडीतून सहज घेता येईल. मुलांना पाण्यात न्यायची मुळीच गरज नाही. एकास दहा या मापाची होडी करा : लांबी ५२ सेंटिमीटर, रुंदी साडेपाच. पुठ्ठ्याचे सात-आठ साचे, त्यांवर पातळ पुठ्ठ्याच्या अर्धा सेंटिमीटरच्या पट्ट्या खळीने चिकटवा. वरून जुन्या मलमलीचा तुकडा, आणि त्यावर तेलरंगाचे दोन हात. झाली होडी! आता मुलांना विचारा : खरी होडी माणसासह ९० किलो भरते, लांबी दहावा भाग झाली, तर वजन कितवा भाग व्हायला हवे? पुष्कळ मुले दहावा म्हणतील. उत्तर आहे हजारावा, कारण लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही दहा-दहा पटींनी घटल्या. ९० किलोचा हजारावा भाग, म्हणजे ९० ग्रॅम. होडी तराजूत ठेवून, तळाशी बारीक वाळू घालून बरोबर ९० ग्रॅम करा आणि गुरांच्या डोणीत सोडा. ती तळापासून सुमारे एक सेंटिमीटर बुडेल. मग तीच वाळू पुरचुंडीत बांधून होडीच्या झाकणावर ठेवा. होडी कलंडेल. कयाकमध्ये माणूस तळाशी टेकून, पाय लांब करून का बसतो, हे मुलांना तुम्ही सांगावे लागणार नाही.

आणि होडी एका बाजूला झुकून तरंगली, तर मुलांना रागावू नका. त्यांना ती उलटी धरायला सांगा, टोकाशी डोळा नेऊन पाहायला सांगा. कोणता साचा सरकला होता, ते त्यांचे त्यांनाच सापडेल. आणि दुसरी होडी सरळ होईल.